मानेला विचारून घेतलेला स्वेटर

नागपूरला सीताबर्डीवर गरम कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या त्या काकू मला एकदाच भेटल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं.

माझा पदवीदान समारंभ दिल्लीला, ऐन थंडीत होता. घरातली मी पहिली पदवीधर. पण कामठीला पॉवरलूमवर काम करणारे बाबा यायला तयार नव्हते. लोकर अंगाला लागली की त्यांना खाज सुटायची. "शिकलेल्या लोकांत खाजवत बसू काय? तूच जा," म्हणायचे. मी त्यांना जवळजवळ ओढतच दुकानात नेलं.

काकूंनी अल्पाकाचा स्वेटर काढला. "पेरू देशातल्या पहाडी जनावराची लोकर आहे. टोचत नाही."

बाबांनी सवयीनं तो उलटा केला आणि वीण चाचपू लागले.

"हातानं नका पाहू, भाऊ. घट्टे पडलेल्या हाताले काय समजते? मानेले विचारा. बाही शर्टाच्या कॉलरमध्ये खोचा अन् बसा."

बाबा बसले. काकू बाकीचे स्वेटर घडी करत राहिल्या. "पोरगी काय शिकली?" त्यांनी सहज विचारलं.

एरवी अबोल असलेले बाबा सुरू झाले ते थांबेचनात. माझी शाळा, माझे मार्क, माझं विद्यापीठ. मी लाजून आरशाकडे पाहत होते.

मध्येच काकू म्हणाल्या, "काहून भाऊ, खाजवून नाही राहिले?"

बाबांचा हात मानेकडे गेला. ते हसले. "विसरलोच ना, बाई!"

आमच्या हिवाळ्यातल्या प्रत्येक जुन्या फोटोत बाबांचा एक हात मानेवर आहे. दिल्लीच्या फोटोत मात्र त्यांनी दोन्ही हातांनी माझी पदवी धरली आहे.