हरसिंगभाऊंची पहिली फेरी

हरसिंगभाऊ आधी चाकाकडे बघत, माणसाकडे नंतर. कोणी गाडी घेऊन आलं की ते उकिडवे बसत, डावा तळवा टायरवर ठेवत आणि थोडा वेळ तसेच राहत. तापलेल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवावा, तसे. मग वर न बघताच सांगत, "हवा कमी हाये," किंवा "एकाच अंगानं झिजून राह्यला, चाकाचा आस तपासून घ्या." ते डावखुरे होते आणि सगळं ज्ञान त्या एका तळव्यात होतं.

यवतमाळात आर्णी रस्त्याच्या तोंडाशी, कडुनिंबाखाली त्यांचं टिनाचं दुकान होतं. ट्रक, जीप, सायकली, सगळ्यांची चाकं तिथे येत. मी नागपूरला इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात राहत असे आणि सुट्टीत घरी आले की सायकलीत हवा भरायला त्यांच्याकडे जात असे. मी फारसं बोलत नसे. त्यांना ते आवडायचं. तुझ्या शाळेत बोलणं शिकवत नाहीत का, असं ते एकदा विचारून गेले आणि मी लाजले तेव्हा आपल्या बायकोला, सोमलीबाईला, म्हणाले, "बरी हाये ही बाई. हवा भरताना मधात बोलत नाही."

ते बंजारा होते. आजोबांपर्यंत त्यांच्या घराण्यात बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूखभर नेण्याचं काम चाले. हरसिंगभाऊ ते आजोबांकडून ऐकलेलं सांगत. गोणी लादण्याआधी म्हातारा प्रत्येक बैलाच्या पाठीवरून हात फिरवी, आणि ज्यानं ओझं लादलं त्यानेच पहिला कोस त्या बैलाच्या बाजूने चालायचं, हा त्याचा नियम होता. गोणी कुठे कलते, दोर कुठे काचतो, हे लादणाऱ्याच्याच नजरेला पडतं म्हणून. बैल गेले, पण नियम हरसिंगभाऊंनी दुकानात आणला. आपण चढवलेल्या टायरावर पहिली फेरी आपणच मारायची. माझी सायकलसुद्धा ते धोतर खोचून, गुडघे बाहेर काढून, नाक्यापर्यंत चालवून आणत आणि मगच माझ्या हातात देत. ट्रकात ते ड्रायव्हरशेजारी बसत आणि दारातून वाकून चाक फिरताना बघत.

राजूरच्या खाणीवरच्या एका गोऱ्या साहेबाने देश सोडताना आपली मोटार विकली, ती माझ्या दादाने घेतली. बुटकी, उघडी, दोनच माणसांची विलायती गाडी. दारं इतकी खाली की बसल्या बसल्या हात रस्त्याला लागेल असं वाटे. चाकं तारांची होती, चांदीसारखी चमकणारी. बाबा वकील होते. त्यांना ते सगळं थिल्लर वाटे. दादाने ती दोन महिने चालवली आणि टायरांच्या आतलं कापड दिसू लागलं. त्या मापाचे टायर बाहेरून येणं बंद झालेलं. आठ महिने गाडी अंगणातल्या शेडमध्ये विटांवर उभी राहिली. दादा रोज सकाळी तिची चाकं पुसायचा. त्या वर्षी तो परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाला होता, बाबा त्याच्याशी बोलत नव्हते, आणि घरात त्याची म्हणावी अशी ती एकच वस्तू होती.

अखेर नागपूरहून चार नवे टायर मिळाले. उंचीला बरोबर, पण रुंदीला दोन बोटं जास्त.

हरसिंगभाऊंनी तारांच्या चाकावर सुतळी धरली, मग तीच टायरवर धरली, आणि मान हलवली. म्हणाले, "रिम अरुंद, टायर रुंद. कडा आवळल्या जातीन, पोट बाहेर येईन. वळणावर गाडी एकीकडं जाईन अन् टायर दुसरीकडं." रुंद टायर रस्ता जास्त धरतो, गाडी वळणावर घट्ट बसते, असं दादाचं म्हणणं होतं. मग चाकंही रुंद आण, असं ते म्हणाले. ती कुठेच मिळत नव्हती. मिळाली असती तरी ती चांदीची चाकं दादाने सोडली नसती. तीन दिवस तो दुकानावर जाऊन नाही ऐकून परत आला. चौथ्या दिवशी तो गाडीबरोबर मिळालेलं इंग्रजी पुस्तक आणि मला घेऊन गेला.

हरसिंगभाऊंनी हात पुसून पुस्तक घेतलं. अक्षरं त्यांना येत नव्हती, पण टायरांवरचे आकडे वाचून वाचून इंग्रजी आकडे ओळखीचे झाले होते. अंगठा रकान्यावरून सरकत खाली आला आणि नेमका त्या रुंद टायरच्या आकड्यावर थांबला. त्यांना नवल वाटलं. आकडा पुस्तकात होता.

"याच्या खाली काय लिवलं हाये, बाई?"

मी वाचतो ना, असं म्हणत दादा पुढे झाला. त्यांनी पुस्तक त्याच्या हाती दिलं नाही. म्हणाले, "तुह्या भाऊले त टायर पाह्यजेच हाये. तू सांग."

मी मनातल्या मनात वाचलं. दोनच ओळी होत्या. हा टायर हवा असेल तर चाकंही रुंद घ्यावीत. मूळ चाकांवर तो चढवू नये. त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं. दादा गाडीची किल्ली बोटात फिरवत माझ्याकडे बघत राहिला. मी मान हलवली आणि म्हणाले, "चालतं."

त्या दिवशी मी बोललेला तेवढा एकच शब्द.

संध्याकाळपर्यंत चारही टायर चढले. नियमाप्रमाणे पहिल्या फेरीला हरसिंगभाऊ दादाच्या डाव्या बाजूला बसले. त्या खुज्या दारावरून वाकून, डावा हात बाहेर टेकवून, ते पुढच्या चाकाकडे बघत होते. मी कडुनिंबाखाली उभी होते. गाडी उताराकडे गेली आणि दिसेनाशी झाली.

वळणावर पुढच्या डाव्या चाकाचा टायर रिमवरून सुटला. गाडी खड्ड्यात डाव्या अंगावर पडली. दादाला खरचटलं. हरसिंगभाऊंचा हात खाली सापडला. दवाखान्यात तो मनगटापासून काढावा लागला.

पुढे ते पुन्हा दुकानात बसू लागले. टायर रिमवरून काढायचं काम सोमलीबाई करायची, ते सांगायचे. सायकलींची पहिली फेरी मात्र त्यांनी सोडली नाही. एका हाताने हँडल धरून नाक्यापर्यंत जायचे आणि ती मागून शिव्या घालायची. हाताबद्दल कोणी विचारलं की जरा हसून म्हणायचे, "साहेबाचं पुस्तक बी चुकते." हे वाक्य सगळ्या ड्रायव्हरांना पाठ झालं होतं. एखादा नवा ट्रकवाला कंपनीचं पुस्तक उघडून दाखवू लागला की बाकीचेच ते म्हणत. प्रत्येक सुट्टीत मी ते ऐकलं. सायकल घेऊन गेले की ते सवयीने पुढे वाकत, मग उजवा हात टायरवर ठेवत. एकदा म्हणाले, "या हाताले काही समजत नाही, बाई."

गाडी दादाने विकून टाकली. त्या दोन ओळी त्यालाही ठाऊक होत्या. आम्ही दोघं त्यावर कधीच बोललो नाही.

पाच वर्षांनी बी.ए. झाल्यावर मला नागपूरला नोकरी लागली. जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी ते पुस्तक पिशवीत घालून दुकानावर गेले. त्यांच्यासमोर बसून त्या दोन ओळी मराठीत सांगितल्या. त्यांनी पुन्हा सांगायला लावल्या. मी पुन्हा सांगितल्या, आणि हेच त्या दिवशीही लिहिलेलं होतं, असंही सांगितलं. दादासमोर तोंडून निघालं नाही, हेही मी म्हणणार होते. ते म्हटलं नाही.

"मंग पुस्तक बरोबर होतं," ते म्हणाले.

मी हो म्हटलं. सोमलीबाई आतून चहा विचारत होती.

"पुस्तकाले मी कायले वळखतो, बाई? मी तुले इचारलं होतं."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मग त्यांनी माझ्या सायकलच्या टायरवर उजवा हात ठेवला, सोमलीबाईला हवा भरायला सांगितलं. हवा भरून झाल्यावर मी नेहमीसारखी बाजूला उभी राहिले. त्यांनी हँडल धरलं, जरा वेळ धरून ठेवलं आणि माझ्याकडे वळवलं.

"जा. तूच बस."

नाक्यापर्यंत जाऊन मी मागे पाहिलं. कडुनिंबाखाली कोणी नव्हतं.

दोन वर्षांनी ते गेल्याचं दादाच्या पत्रातून कळलं. त्यांनी शेवटपर्यंत माझं नाव कोणाजवळ घेतलं नाही. दादाने सहज म्हणून लिहिलं होतं की म्हातारा अलीकडे चमत्कारिक झाला होता. हाताबद्दल विचारलं की पहिल्यासारखं हसत नसे. पुस्तक बरोबर होतं, एवढंच म्हणे. ड्रायव्हरांना त्याचा अर्थ लागत नसे.

पुढचं वाक्य, मला विचारल्याचं, त्यांनी एकदाच उच्चारलं होतं, माझ्याजवळ.