नळीची दोन टोकं

अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात भांडणाची खरी कदर असलेला माणूस एकच, तो म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचे मामा. एखाद्या बांधकामावर मालक आणि मेस्त्री यांची जुंपली असं कानावर आलं, की लग्नाचं आवतण आल्यासारखे मामा इस्त्रीचा सदरा चढवून निघतात. ठेकेदारांकडे सुपरवायझर म्हणून त्यांची सगळी हयात गेली. शाळेच्या खोल्या, कापसाची गोदामं, छोटे पूल, सगळीकडे त्यांनी सिमेंटपेक्षा भांडणंच जास्त निस्तरली. मध्ये कधीतरी त्यांना हैदराबादला एका दिवसाच्या शिबिराला धाडलं होतं. विषय होता कामावरचे तंटे आणि मानसशास्त्र. शिबिर अर्धं इंग्रजीत, अर्धं तेलुगूत. मामांना जे समजलं नाही ते त्यांनी स्वतःच्या मनानं भरून काढलं. तेव्हापासून, कोणी प्लास्टर लावतो म्हणावं तसं, ते 'सायकॉलॉजी लावतो' म्हणू लागले.

समोरच्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत परत म्हणावं, हे शिबिरातलं पहिलं कलम. नार्नूरकडच्या एका कामावर मेस्त्रीनं त्यांना तेलुगूत वडिलांपासून आजोबांपर्यंत शिव्या घातल्या. मामांनी त्या एकही न गाळता, शांतपणे, आपल्या वऱ्हाडी सुरात त्याला ऐकवल्या आणि विचारलं, मी बरोबर समजलो ना? मजूर घमेली खाली ठेवून हसायला लागले, शेवटी मेस्त्रीही हसला. दुसरं कलम मात्र मामांचं स्वतःचं: चिडलेल्या माणसाला रेतीच्या ढिगावर बसवायचं. तिथे माणूस हळूहळू घसरतो, आणि घसरता घसरता कोणालाच रुबाबात ओरडता येत नाही. पण भांडण पुरतं पिकल्याशिवाय ते हात घालत नाहीत. कच्चं सोडवलं तर परत उगवतं, असं त्यांचं ठाम मत आहे.

आमचं पिकायला चार महिने लागले. भीमपुरात वडिलांच्या जागेवर दादा आणि मी शेजारी शेजारी घरं बांधायला काढली. दादानं त्याचं जोतं माझ्याहून वीतभर उंच घेतलं. पावसाचं पाणी माझ्या अंगणात येणार, म्हणून मी दोन वीत चढवलं. मग त्यानं चढवलं, मग मी. घरात शिरायला देवळासारख्या पायऱ्या लागतील अशी वेळ आली. बोलणं बंद झालं. निरोप बायकांमार्फत जाऊ लागले आणि वाटेत त्यांना तिखटमीठ लागू लागलं. शेवटी निरोप आला, की दादा आपला हिस्सा विकून आदिलाबादला चालला. त्या दिवशी मला घास गेला नाही. दादा शेजारी नसेल तर मला ते घरच नको होतं, पण हे सांगणार कोणाला?

सौभाग्यवतींनी मामांना बोलावलं. त्यांनी मला रेतीवर बसवलं, माझी सगळी कैफियत ऐकली, ती मलाच परत ऐकवली आणि म्हणाले, "आता तुहा दादा काऊन तापून राह्यला ते सांग. त्याच्या तोंडानं सांग."

मी रागातच सुरुवात केली: मी मोठा, बाप गेल्यावर याला मी शिकवलं, आणि यानं मला न विचारता पाया खोदून घेतला. म्हणता म्हणता माझा आवाज खाली आला. मी विचारलं नव्हतं, हे खरंच होतं. तिकडे दुसऱ्या ढिगावर दादाचंही हेच करून झालं होतं, असं वहिनीनं नंतर सांगितलं.

मग मामांनी एक लांब पारदर्शक नळी काढून पाण्यानं भरली. जुने मेस्त्री हिनंच जोत्याची पातळी काढायचे. दोघांनी दोन टोकं धरायची, आणि पाणी खुणेवर येईपर्यंत एकानं दुसऱ्याला वर-खाली सांगत राहायचं. न बोलता हे काम होतच नाही. मामा आमच्या हाती एकेक टोक देऊन एका पेटीवर जाऊन बसले. दादानं आपलं टोक खुणेला लावलं.

"वर घे," तो म्हणाला. मी घेतलं. "लय झालं. जरासं खाली." तेही केलं. "बस."

माझे डोळे भरले. डोळ्यांत रेती गेली, असं मी सांगितलं. दादा म्हणाला, त्याच्याही गेली. जोती एका पातळीत आली, दादा कुठेही गेला नाही. मामा ज्या पेटीवर बसले होते तिच्यात मेस्त्रीचं पातळी काढायचं लेझरचं यंत्र होतं, हे मला थेट वास्तुशांतीला कळलं.

त्याच पंगतीत मी सहज विचारलं, बेज्जूरचे तुमचे भाऊ नाही आले? मामांचा घास हातातच राहिला. दोघांचं कित्येक वर्षं बोलणं नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

"इतक्या जनाच्या हाती नळी देल्ली म्या," ते म्हणाले. "माह्या हाती कोन देईन?"

यंदा आम्ही वरचा मजला काढला. दादानं बेज्जूरला मामांच्या भावाला फोन केला, की पातळी बघायला जुना माणूस पाहिजे. म्हातारे भाऊ आले. आम्ही एक टोक त्यांच्या हाती दिलं, दुसरं मामांच्या. मामांनी पेटीवर बसलेल्या दादाकडे एकदा बघितलं आणि सगळं ओळखलं, पण टोक सोडलं नाही. नळीत पाणी डुचमळत होतं.

"वर घे," भाऊ म्हणाले.

"आनखी?"

"जरासं."

हळूहळू पाणी खुणेवर येऊन थांबलं. दादाला दिसलं, मलाही दिसलं. पण दोघा म्हाताऱ्यांपैकी कोणीच 'बस' म्हणेना.