शिवाच्या काचेच्या कांड्या

शिवा गेल्याचं सांगायला त्याचा भाऊ मंद्रूपहून थेट आमच्या रंगखात्याच्या दारात आला. मी उलट त्याच्यावरच चिडलो, "अरे, परवा तर घरी जेवून गेला तो..." तीन आठवडे झाले, तो राग कुणावर काढावा ते अजून कळत नाही.

माझा हा दोस्त कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा, मी चादरींच्या कारखान्यात रंगखात्याचा मुकादम. सात-आठ वर्षांपूर्वी एकदा माझ्याकडे डबा खायला आला आणि आमच्या खात्यातला कामगार नरसय्या याचे लालभडक डोळे पाहून त्याचा घास हातातच राहिला. चादरींच्या सुतासाठी ब्लीचिंगचं पाणी बंद टाकीत भरायचं. किती भरलं ते पाहायला नरसय्या दर वेळी झाकण उघडून आत वाकायचा आणि ब्लीचिंगचा उग्र वाफारा थेट डोळ्यांत जायचा. असंच चाललं तर नजर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लोखंडी तरंगता गोळा लावून पाहिला, तो महिन्याभरात गंजला.

"उजेड गंजत न्हाय," शिवा म्हणाला. केसाएवढ्या काचतंतूतून उजेड नेता येतो, असं त्याने वाचलं होतं. सोलापुरात तसला तंतू कुठला मिळायला! त्याने प्रयोगशाळेतली काचेची कांडी तापवून वाकवली आणि बाक खाली येईल अशी टाकीच्या तोंडाशी बसवली. एका टोकावर बल्ब, दुसरं टोक झाकणाबाहेर चमकायचं. बाकाभोवती हवा असेतोवर उजेड काचेतूनच वळून वर यायचा. पाणी तिथवर चढलं की तो पाण्यात निसटायचा आणि बाहेरच्या टोकाचा ठिपका विझायचा. मग पंप बंद करायचा.

पहिल्याच दिवशी टाकी उतू गेली. पंप चालू, आणि नरसय्या हातात जुना बल्ब घेऊन उभा! "सायेब, दिवा गेला की. म्या नवा लावला, तरी उजेड येईना." आणि वर झाकण उघडून आत बघायला निघालेला...

मी पोट धरून हसलो. शिवा हसला नाही. "चूक माजी हाय. दिवा इझला तर माणूस दिवाच बघणार की." दुसऱ्या दिवशी त्याने त्याच बल्बखाली आणखी एक कांडी बसवली, आखूड, पाण्याला कधीच न लागणारी. एक ठिपका विझला तर टाकी भरली, दोन्ही विझले तर बल्ब गेला. नरसय्याने पुन्हा कधी टाकीत डोकावून पाहिलं नाही.

परवा मी आणि नरसय्या शिवाच्या घरी गेलो. वहिनी फोटोसाठी हार करायला बसल्या होत्या, पण डोळे भरून आल्याने सुईत दोरा जात नव्हता. पन्नाशी उलटलेल्या नरसय्याने सुई मागून घेतली, खिडकीकडे धरली आणि चष्म्याशिवाय पहिल्याच खेपेला दोरा ओवला.

"वैनी, ह्ये डोळे सरांचेच हायत," तो म्हणाला.

वहिनींनी सुई परत घेतली नाही. फुलांची परडी त्याच्यापुढे सरकवली.