चुलीवरचं जंगल

माझ्या बाबांना राग यायचा तो फक्त पडद्यावरून. भाजीत मीठ जास्त पडो, बैल दुसऱ्याच्या धानात शिरो, जावई रुसून बसो, बाबा हूं की चूं करत नसत. पण त्यांनी रंगवलेल्या पडद्याजवळ कोणी विडी पेटवली, की त्यांचा आवाज तळ्याच्या पाळीपर्यंत जायचा. माय म्हणायची, "माह्यावर त् कधी एवढा जीव टाकला नाई या मानसानं." म्हणायची आणि हसायची, म्हणून आम्हीही हसायचो.

बाबा नाटकाचे पडदे रंगवायचे. ब्रह्मपुरीच्या आसपास दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. पाहुण्यांनी घरं भरतात, लेकी माहेरी येतात, शेतात मंच उभा राहतो. आमच्या गावाचं स्वतःचं नाटक मंडळ होतं आणि त्याचे तीन पडदे बाबांच्या हातचे. राजवाडा, रस्ता आणि जंगल. राजवाडा खरं सांगायचं तर बेताचाच होता. बाबांनी जन्मात राजवाडा पाहिला नव्हता, त्यामुळे खांब आमच्या ग्रामपंचायतीच्या खांबांसारखे आले होते. जंगल मात्र पाहून काढलेलं. डाव्या हाताला मोह, त्याच्या पायाशी तेंदूची झुडपं, उजवीकडे बांबूची रांजी, म्हणजे दाट बेट, आणि मधून एक पायवाट, जी वळून दिसेनाशी होते. लोक म्हणत, "भाऊ, या वळनातून एखाद् दिवशी वाघ निघन." बाबांना यापेक्षा मोठं बक्षीस नको असायचं.

पडदा रंगवणं सोपं, तो जपणं कठीण, असं ते म्हणत आणि त्यात खोटं काही नव्हतं. मांजरपाटाच्या कापडावर पांढऱ्या मातीचा हात द्यायचा, मग पुडीचे रंग सरसात कालवून लावायचे. सरस म्हणजे हाडाकातड्याचा डिंक. तो उंदरांना आवडतो, वाळवीला आवडतो आणि ओल लागली की बुरशीलाही आवडतो. म्हणून होळीनंतर पडदा सकाळच्या कोवळ्या उन्हात पसरायचा, मऊ कुंच्यानं झाडायचा, रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड बांबूवर गुंडाळायचा. रंग आत ठेवला तर तो दुमडतो आणि पोपडे सुटतात. वरून जुनं धोतर, मधे वाळलेला कडुनिंबाचा पाला आणि सगळं माजघराच्या मयालीला, वरच्या आडव्या तुळईला, टांगायचं. राजवाडा आणि रस्ता मंडळाच्या खोलीत राहत. जंगल आमच्या घरी, बाबांच्या खाटेच्या बरोबर वर.

ज्या वर्षाची गोष्ट सांगते आहे, त्या वर्षी होळीच्या सुमारास बाबांना लकवा मारला. एकोणीसशे ऐंशीनंतरची ती वर्षं. माझं लग्न होऊन मी बल्लारपूरला आले होते, नवरा कागद कारखान्यात. बाबांना चंद्रपूरच्या दवाखान्यात ठेवलं, तेव्हा डबा घेऊन मीच जायचे. उजवी बाजू गेली होती. पाय हळूहळू परत आला, हात काही आला नाही. डॉक्टर म्हणाले, बोलणं येईल, थोडं अडखळत येईल, पण यांना बोलतं ठेवा. आम्ही ठेवायला तयार होतो, बाबाच तयार नव्हते. तो हात पांघरुणावर ठेवून ते त्याच्याकडे असं बघत, जणू कोणा पाहुण्याची विसरलेली वस्तू आहे. घरी नेल्यावरही तेच. सपरीत, बाहेरच्या ओसरीत, खाटेवर बसून राहायचे. जेवता का, तर मान हलवायची. नको, तर मान हलवायची. मायला सगळ्यात भीती वाटली ती याची, की माणसानं जंगल कुठं आहे हेसुद्धा विचारलं नाही. पुढं पावसाळ्यात ती मयाल रिकामी झाली, तरी नजर वर करून पाहिलं नाही.

दिवाळीनंतर छोट्या लाइनच्या गाडीनं मी ब्रह्मपुरीला उतरले आणि पुढं एका ओळखीच्या बैलगाडीत बसून घरी पोचले. बाबा सपरीत होते. माझ्याकडे पाहून डोळ्यांत ओळख आली, तोंडातून शब्द आला नाही. माय मात्र एकदम गोड. पाणी बाहेर आणून दिलं, चहा बाहेर आणून दिला. मी उठले की ती आधी उठे. माहेरी आलेल्या लेकीला आई स्वयंपाकघरात पाय ठेवू देत नाही, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. मला वाटलं, माझ्यासाठी अनरसे केले असतील. मी खादाड आहेच, तिची पाठ वळताच आत गेले.

चुलीच्या वर मक्याची कणसं टांगलेली होती, दोडक्याच्या बिया भरलेले वाळके भोपळे होते, वालाचं बी फडक्यात बांधलेलं होतं. आणि त्या सगळ्यांच्या मधे, भिंतीपासून भिंतीपर्यंत, बाबांचं जंगल. त्यावरचं धोतर म्हशीच्या पाठीइतकं काळं झालं होतं.

"माय, हे काय केलं वं?"

ती दारातच थांबली. मग भडाभडा बोलली. "काय करू मंग? छपरावरचे कवेलू दर साली तुया बापच फेरे. औंदा कोन फेरन? माजघर चारी कोन्यानं गळे. त्याची खाट मीच दोनदा सरकवली. कोरडी जागा म्हनून एकच, चुलीवरची. अन् पावसायात जगवाचं ते सारं आपन चुलीवरच टांगतो ना? बी टिकते, त् पडदा नाई टिकन का?"

आमच्याकडे पावसाळ्यात जे जगलं पाहिजे ते धुरात ठेवतात, हे मलाही पाळण्यापासून माहीत. धुरानं कीड लागत नाही, ओल धरत नाही. तिनं पडदा अडगळ म्हणून टांगला नव्हता. पुढच्या वर्षीच्या बियाण्याच्या मानानं टांगला होता. फक्त मक्याच्या कणसाला काळं झालं तरी चालतं, आभाळाला चालत नाही.

मंडळाचे अध्यक्ष दोनदा पडदा मागायला येऊन गेले होते आणि मायनं दोनदा काहीतरी सांगून त्यांना घालवलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते तिसऱ्यांदा आले. बाबांच्या खाटेशेजारी बसून म्हणाले, "भाऊ, राजवाड्याचे हाल झाले ना. राजाचं सिंहासनच खाल्लं उंदरानं. औंदा तुमच्या जंगलावरच मंडई निभवून न्याची हाय." बाबांनी मान भिंतीकडे वळवली. अध्यक्षांनी मायकडे पाहिलं. माय म्हणाली, "उद्या नेजा भाऊ." हे 'उद्या' ती कुठल्या भरवशावर म्हणाली, तिलाच ठाऊक.

ते गेले, बाबांचा डोळा लागला आणि आम्ही दोघींनी बांबू खाली उतरवून मागच्या अंगणात नेला. धोतर सोडलं. मी एक टोक धरलं, मायनं दुसरं, आणि उलगडत गेलो. पडदा खालून वर गुंडाळत आणतात, म्हणून सगळ्यात बाहेर येतं ते आभाळ. आभाळ नव्हतंच. तव्याच्या पाठीसारखं काहीतरी होतं. मोहाचा शेंडा त्यात बुडाला होता. खाली मात्र, जसजसे वेढे उलगडले, तसं हिरवं निघालं, बांबू निघाला, पायवाट निघाली, सगळी जशीच्या तशी. पण ते बघण्याइतकं भान मायला नव्हतं. ती खालीच बसली.

"हे पाह्यलं त् जाइन वं तो," ती म्हणाली. "हात गेला त् गेला. हे एकच राह्यलं होतं त्याच्या हातचं. तेबी म्याच चुलीवर जायलं."

मी तिला बरंच काही सांगितलं, त्यातलं एकही मला पटत नव्हतं. बाबा आता दुसरं जंगल काढणार नव्हते, हे तिला जसं कळत होतं तसं मलाही. ती मधेच उठली. आतून पाण्याचा लोटा आणि धुतलेलं फडकं घेऊन आली, फडकं पिळलं आणि आभाळाच्या कडेशी गुडघे टेकले. "तो उठाच्या आंदी पुसून काढतो. धूरच त् हाय."

"पानी नोको!"

आवाज दारातून आला. मी आधी वळून पाहिलंच नाही, कारण तो आवाज इतका ओळखीचा होता की त्यात नवल वाटलं नाही. मग लक्षात आलं, की हा आवाज घरात होळीपासून नव्हता. बाबा चौकटीला डाव्या हातानं धरून उभे होते. सपरीतून माजघर, माजघरातून स्वयंपाकघर, काठी न घेता. कापड उलगडल्याची सळसळ त्यांना झोपेतही ऐकू आली असावी.

"पान्यानं सरस सुटते! आभाळ वाहून जाइन सारं! अक्कल हाय का नाई? चुलीवर? पडदा चुलीवर टांगते का कोनी? वांगी भाजाची होती का तुले?" शब्द तोंडाच्या एका कोपऱ्यातून घरंगळत येत होते, काही अर्धे तुटत होते, पण येत होते. मायच्या हातातलं फडकं गळून पडलं. ती ऐकत होती, तोंड उघडं टाकून. बाबांनी तिच्या माहेराचा उद्धार केला. मग माझा केला, की एवढं शिकवलं तरी पोरगी नुसती टोक धरून उभी. मी खाली मान घालून ऐकलं. इतकं बरं मला त्या वर्षात कशानंच वाटलं नव्हतं. रडू येत होतं आणि रडले तर ते थांबतील अशी भीती वाटत होती.

दम लागला तसे ते उंबऱ्यावर बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "कनीक भिजव. घट्ट. पुरीपक्षा घट्ट."

कणकेचा गोळा काजळीवर अलगद दाबायचा आणि उचलायचा. घासायचं नाही. काजळी कणकेला चिकटते, रंग जागेवर राहतो. बाबा पडद्यावरचा कंदिलाचा धूर असाच काढत असत, फक्त आम्हाला कधी जवळ येऊ दिलं नव्हतं. आता इलाज नव्हता. हात माझा, डोळे त्यांचे. मंडईच्या पाहुण्यांना पोळ्या घालायच्या म्हणून आणलेला गव्हाचा आटा त्या आभाळात गेला आणि पाहुण्यांनी नुसता भात खाल्ला. काळे गोळे मी अंगणात टाकत होते आणि कोंबड्या खुशाल खात होत्या.

"दाबू नको. उचल. उचल म्हनतो ना!" असं संध्याकाळपर्यंत चाललं. मोहाचा शेंडा वर आला. त्याच्या मागून निळं आलं.

अध्यक्ष सकाळी आले तेव्हा अर्धं आभाळ झालं होतं. मायनं त्यांना चुलीचं सगळं कबूल केलं. त्यांनी पडद्याभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं, पार खालपर्यंत. "उंदीर नाई, वाळवी नाई, बुरशी नाई," ते म्हणाले. "आमच्या खोलीपक्षा तुमची चूल बरी, भाऊ." बाबा काही बोलले नाहीत.

मला तेव्हाच जाणवलं, की सकाळपासून ते काही बोललेच नव्हते. उंबऱ्यावर बसले होते, मान भिंतीला टेकलेली, डोळे अर्धे मिटलेले. मी मुद्दाम गोळा जरा घासला, तरी काही नाही. कदाचित काल फार बोलणं झालं होतं, थकले असतील. पण ती गप्पगप्प बसण्याची ढब होळीनंतरचीच होती. संध्याकाळी पडदा न्यायला येतो म्हणून अध्यक्ष गेले. मी मायकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पुन्हा कालच्या दुपारसारखा झाला होता. ती उठून आत गेली. मला वाटलं, रडायला गेली.

ती लोटा घेऊन बाहेर आली. फडकं बुडवलं, बाबांच्या अगदी समोर उभी राहिली, टपटप पाणी गळेल असं पिळलं आणि सहज आवाजात म्हणाली, "हे कोपऱ्यातलं काई कनकीनं जाऊन नाई राह्यलं. पान्याचा एक हात मारतो."

"ओ बाई!" बाबा उंबऱ्यावरून निम्मे उठले. "काल काय सांगतलं? कानात बोळे घातले का तुया? ठेव तो लोटा! ठेव! मेल्यावरबी डोक्शात जानार नाई हिच्या!"

मायनं लोटा खाली ठेवला. पदर तोंडावर ओढून ती माझ्याकडे वळली. तिचे खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी धारेनं वाहत होतं. माझ्या कानाशी येऊन ती हळूच म्हणाली, "बोलला ना वं? अजून एकडाव लोटा आनू का?"