माझा चार्जर आणि बाबांचे जावई

माझ्या लॅपटॉपचा चार्जर दिवाळीच्या सुमारास बिघडला. पिन लावली की दिवा लागायचा आणि मी टायपिंग सुरू केलं की विझायचा. पिनेच्या मुळाशी वायर जरा वाकवून तिच्यावर जाड शब्दकोश ठेवला तर चार्जिंग चालू राही. मी बोईसरला घरी बसून भाषांतराचं काम करते. एखादा शब्द बघायला शब्दकोश उचलला की चार्जिंग बंद.

"नवा घे ना," नवरा म्हणाला.

पालघरच्या दुकानात माझ्या मॉडेलचा नव्हता. दुसऱ्या कंपनीचा देतो म्हणाले, पण तो तापतो हेही त्यांनीच सांगून टाकलं. घरी आल्यावर मी बाबांना फोन केला.

"पिनेपाशी तुटली असंल आतून," ते लगेच म्हणाले. "घेऊन ये. चार्जरचा ठोकळा उघडायची पण गरज नाय."

फोन ठेवल्यावर मला इतका आनंद झाला की नवऱ्याने विचारलं, "काय, झाला का दुरुस्त?"

बाबांनी सगळी नोकरी तारापूरच्या एमआयडीसीत, एका कारखान्याच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये काढली. आता ते आणि आई तारापूरच्या पुढे, गावातल्या वाडीत राहतात. पडवीत त्यांचं टेबल आहे. माझ्या लहानपणी ड्युटीवरून आले की चहा घेऊन ते तिथे बसत. गावातले मिक्सर, टेपरेकॉर्डर, टॉर्च, टीव्हीचे रिमोट, सगळं त्या टेबलावर उघडून पडलेलं असायचं. मी एकुलती एक मुलगी. मला तिथे बसायचं असायचं. पण मी पडवीच्या दारात उभी राहिले की मान वर न करता ते म्हणत, "लांब रहा, बाय. चटका बसंल." मग मी दारातूनच बघायची. सोल्डरचा तो गोडसर, जळका धूर माझ्यापर्यंत यायचा, तेवढाच माझा वाटा. थोड्या वेळाने आई आत बोलवायची आणि ताटं घ्यायला लावायची.

आणि आता ते मला म्हणाले होते, घेऊन ये. मी मनात सगळं ठरवून टाकलं. रविवारी जायचं, बाबांच्या शेजारी बसायचं, ते काय करतात ते जवळून बघायचं.

रविवारी नवरा म्हणाला, "मीपण येतो. बसून काय करू घरी?"

तो घाटावरचा, सांगलीकडचा. इथल्याच एका कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी बाबांचं आणि त्याचं बोलणं 'काय, बरं हाय ना' आणि 'हो, बरं आहे' याच्या पुढे फारसं गेलं नव्हतं. म्हणून मी निर्धास्त होते.

आम्ही पोचलो तेव्हा बाबा टेबलापाशीच होते. मी पिशवीतून चार्जर काढून दिला. त्यांनी वायर बोटांत फिरवून पाहिली, मग शेजारची खुर्ची ओढली आणि नवऱ्याकडे बघून म्हणाले, "बसा."

तो बसला. मी उभी होते. आई आतून म्हणाली, "बाय, चहाचं बघतेस काय?"

मी चहा घेऊन आले तेव्हा बाबांनी व्होल्ट मोजायच्या मीटरच्या दोन्ही काड्या नवऱ्याच्या हातात दिल्या होत्या. मीटर! त्या मीटरला मी लहानपणी एकदा नुसता हात लावला होता, तर त्यांनी तो उचलून माळ्यावर नेऊन ठेवला होता.

"आता वायर हलवून बघा," ते सांगत होते. "आकडा येतो नि जातो ना? म्हणजे ठोकळा चांगला हाय. वायरच गेलीय." मग त्यांनी प्लग काढायला लावला, डब्यातून एका जुन्या चार्जरची पिन वीतभर वायरीसकट शोधून काढली आणि माझ्या चार्जरची वायर कापून टाकली. "ही बघा, आतली तार नि ही वरची जाळी. आतलीला आतली, जाळीला जाळी. उलटं झालं तर लॅपटॉपच जायचा."

"म्हणजे आतली प्लस?" नवऱ्याने विचारलं.

"हां!" बाबा म्हणाले. त्या 'हां'मध्ये जो आनंद होता तो मी दहावीचा निकाल सांगितला तेव्हाही ऐकला नव्हता.

चहाचे कप टेबलाच्या कडेला ठेवून मी तिथेच घुटमळत राहिले. बाबांनी सोल्डर गन तापवली आणि त्याच्या हाती दिली. त्याने हळूहळू दोन्ही सांधे जोडले. बाबा त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते. जोडून झाल्यावर ते म्हणाले, "आता स्लीव्ह सरकवा वरून."

स्लीव्ह म्हणजे सांधा झाकायची रबरी नळी. ती आधीच वायरीत ओवून ठेवावी लागते, नाहीतर जोडलेल्या वायरीत ती घालणार कुठून? नवरा ती ओवायला विसरला होता. ती टेबलावरच पडली होती. आता ओरडा बसणार, मला वाटलं. अगदी खरं सांगायचं तर मी वाट बघत होते.

बाबा हसायला लागले. खो खो हसले. "अहो, आमीपण पयल्या वेळी हेच केलं होतं! तोडा, तोडा, परत करू."

"माझा चार्जर आहे तो," मी म्हणाले. आवाज जरा चढलाच.

दोघांनी वळून पाहिलं. बाबांना काही कळलं नाही. "मग? तुझाच होतोय ना नीट?"

मी आत गेले. आई कोलीम, म्हणजे जवळा, घातलेली वांगी परतत होती. माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, "तोंड का असं झालंय?"

"काही नाही."

"ते टेबल ना?" आई म्हणाली. "मी त्याला सवत म्हणायची. लग्न झाल्यापासून बघतेय, कुठली तार कुठं जाते ते एकदा नाय सांगितलं मला. मी विचारणंच सोडून दिलं." आणि तिने कढईवर झाकण ठेवलं.

चार्जर चालायला लागला. परत येताना पास्थळपर्यंत नवरा स्कूटरवर मागे मान वळवून बोलत होता. सोल्डर वितळतं तेव्हा कसं पाण्यासारखं चकाकतं, बाबांचा हात कसा जराही हलत नाही. मग तो एकदम म्हणाला, "मला असं कोणी शेजारी बसवून कधी शिकवलं नव्हतं गं."

त्याने माझ्या हेव्याला जागाही ठेवली नाही. मी "समोर बघ" म्हणाले.

पण हेवा कुठे गेला नाही. उलट वाढला, कारण आता दोघांचे फोन सुरू झाले. पंखा हळू फिरतोय, विचार बाबांना. गीझरचा दिवा लागत नाही, बाबांना फोटो पाठव. मी फोन केला की बाबा म्हणत, "जेवलीस का? बरं. आईला देतो." तेच बाबा नवऱ्याशी एका पंख्याच्या कॅपॅसिटरवर अर्धा अर्धा तास बोलत. मी शेजारच्या खोलीत भाषांतर करत बसायची आणि त्याचं 'हो बाबा, बरोबर बाबा' ऐकत राहायची. एकदा त्याने फोन ठेवून सहज सांगितलं, "बाबांच्या गुडघ्याला सूज आहे, माहीत आहे ना?" मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मी त्याच्याशी धड बोलले नाही आणि का ते सांगितलंही नाही.

मग एका दुपारी काम करता करता लॅपटॉपवरचा चार्जिंगचा दिवा विझला. वायर हलवली, लागला. सोडली, विझला. काम त्याच दिवशी द्यायचं होतं. मला काळजी वाटायला हवी होती. पण आधी आला तो आनंद. त्याचा सांधा सुटला!

संध्याकाळी मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अरेरे. रविवारी जाऊ बाबांकडे."

मी हो म्हणाले, उरलेलं काम त्याच्या लॅपटॉपवर उरकलं आणि दुसऱ्या दिवशी तो ड्युटीवर गेल्याबरोबर नाक्यावरून शेअर रिक्षा पकडली.

बाबा वाडीत केळीला पाणी सोडत होते. मला बघून त्यांनी माझ्यामागे रस्त्याकडे पाहिलं. "जावय नाय आले?"

"नाही. मीच आलेय. आणि आज मीच करणार आहे."

"काय करणार?"

"चार्जर."

"तू?" ते म्हणाले. "ठेव तिथं, मी करतो पाच मिनिटांत."

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. "बाबा, मला तुम्ही कधी दाराच्या आत येऊ दिलं नाहीत. त्याला पहिल्याच दिवशी खुर्ची दिलीत. मीटर दिलात. तो चुकला तर हसलात. मी चुकायच्या आधीच मला लांब उभं करायचात."

ते हातातला पाइप तसाच धरून उभे राहिले. पाणी एकाच जागी साचून पायाशी आलं. मग म्हणाले, "कारखान्यात एकाचा हात भाजलेला मी बघितला होता. तू तवा एवढीशी होतीस. मला ते टेबल नि तू, दोन्ही एका जागी बघवायचंच नाय."

"आणि त्याचा हात भाजला असता तर?"

"मलम लावलं असतं," बाबा म्हणाले. "तुझं मला नाय जमत."

मला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्या दारात उभं राहून गेलेल्या संध्याकाळी काही परत येणार नव्हत्या, आणि मी ते तोंडावर दिसू दिलं. त्यांनी पाणी बंद केलं, पाय धुतले आणि पडवीत जाऊन खुर्ची ओढली.

मी जुना सांधा तोडला आणि सगळ्यात आधी स्लीव्ह ओवल्या, एक बारीक आणि एक जाड. आतली तार सोलताना तिचे दोन-तीन केस तुटले, बाबांचा हात पुढे आला आणि मागे गेला. सोल्डर लावताना माझ्या बोटाला चटका बसलाच. "हां, बघ!" म्हणत ते उठले. मी "बसा" म्हणाले आणि बोट तोंडात घालून पुढे चालू ठेवलं. ते बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. आई दारात येऊन उभी होती. नेहमीची ताटांची हाक तिने मारली नाही.

प्लग लावला, मीटर धरला. एकोणीस व्होल्ट. वायर हलवली, ओढली, पिळली. आकडा हलला नाही.

बाबांनी चष्मा वर करून सांधा निरखला. मी कौतुकाची वाट बघत होते हे त्यांना कळलं असावं. पण कामाच्या बाबतीत खोटं बोलणं त्यांना जमत नाही. "पक्का हाय," ते म्हणाले. मग चष्मा खाली करून, "जावयांचा दिसायला जरा साफ होता."

"पण सुटला," मी म्हणाले.

"सुटला," बाबांनी मान्य केलं.

संध्याकाळी नवऱ्याने टेबलावर चार्जर पाहिला. वायरीवरचा नवा जाडसर काळा सांधा हातात घेऊन तो बराच वेळ बघत राहिला.

"तू गेली होतीस?"

"हो."

"बाबांनी केला?"

"मी केला. बाबा शेजारी बसले होते."

"मला का नाही सांगितलंस? अर्धी रजा टाकून आलो असतो," तो म्हणाला आणि कपडे बदलायला आत गेला. जेवताना बाबा काय म्हणाले, असं त्याने दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा "काही विशेष नाही" म्हणाले. सांध्याबद्दलचं तर अजिबात सांगितलं नाही. भात वाढताना मला गाणं गुणगुणावंसं वाटत होतं.

पुढच्या रविवारी मी अंघोळ करून बाहेर आले तर घरात कोणी नव्हतं. कपड्यांची इस्त्री जागेवर नव्हती. मी आईला फोन लावला.

"आलेत जावय," आई म्हणाली. "इस्त्री घेऊन आलेत."

"काय झालंय इस्त्रीला? परवाच तर कपडे इस्त्री केले मी."

"काय नाय झालेलं. तरी उघडलीय दोघांनी."

मी फोन ठेवला आणि ओले केस तसेच बांधून चप्पल घातली.