जॉबरमामाची शेवटची पाळी

ऑफिसातून बाहेर पडले, एवढ्यात परबकाकांचा फोन. "जॉबर गेलो गो बाय…" मग जरा थांबून म्हणाले, "हसत गेलो. दाजीच्या नावान शिव्या घालीत होतो." मी भर रस्त्यात रडता रडता हसले. आमच्या बाळामामाला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं जाणं जमलंच नसतं.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. ऐन तिशीत गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, जॉबर झाला. कोण कुठल्या साच्यावर, कोणाचा खाडा, कोणाच्या जागी बदली, सगळं त्याच्या शब्दावर. मग संप आला आणि गिरणीचं दार बंद झालं ते झालंच. मामानं वॉचमनकी केली, गाडीवर वडे तळले, पण लालबागमध्ये हाक यायची ती 'जॉबर' म्हणूनच. राहायचाही गावकीच्या त्याच जुन्या सामाईक खोलीत, गाळ्यात. एकेकाळी गावची पंचवीस माणसं पाळीपाळीनं झोपायची, पथारी कधी गार पडायची नाही. शेवटी उरले तिघे… मामा, परबकाका आणि दाजीकाका. मामी लवकर गेली, मूलबाळ नाही.

कॅन्सर कळला तेव्हा उपचारांची वेळ टळली होती. सत्तरीच्या पुढच्यांचं सरकारी आरोग्य कार्ड मामानं काढलेलं, ते मिरवतच तो परळच्या इस्पितळात भरती झाला. बऱ्या न होणाऱ्यांचं दुखणं सांभाळायचा वेगळा वॉर्ड होता तिथं. आठवड्याभरात कळा थांबल्या, आणि मामानं हट्ट धरला. "माका गाळ्यात ने. हय मरान तरी काय करू? वळखीचो कोण नाय."

घरी नेलं तर कार्ड चालेल का, ते खिडकीवर विचारायला गेले. तिथला कारकून म्हणाला, "ॲडमिट आहेत तोवर सगळं कार्डावर. घरी नेलंत तर नर्स, बाई, पलंग तुमचं तुम्ही बघा."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे घरी मरायचं असेल तर विमा नाही?"

"ताई, नियम मी केलाय का?" तो बिचारा म्हणाला. खरंच, त्यानं थोडाच केला होता! पण राग कुणावर तरी काढायचा होता ना.

वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई समजूतदार. म्हणाल्या, "न्या घरी. गोळ्या इथून देऊ. दुखणं वाढलं तर परत आणा, कार्ड आहेच. फक्त चोवीस तास कुणीतरी जवळ हवं." माझी नोकरी, माझी दीड खोली… आणि पगारी बाई कुठून आणू? मामाचे डोळे मात्र चमकले.

"चोवीस तास? म्हणजे तीन पाळये!"

मामाला गाळ्यात आणलं आणि गिरणी सुरू झाली. पहिली पाळी दाजीकाकांची, दुसरी परबकाकांची, तिसरी संध्याकाळी ऑफिस सुटलं की माझी. रात्री तीच पुढं शेजारच्या गाळ्यातले आलटूनपालटून चालवायचे. मामा खाटेवर पडल्या पडल्या माणसं लावायचा. दाजीकाका उशिरा आले की, "खाडो लावीन हां!" साचेखात्याचा एक नियम त्यानं आम्हालाही लावला होता. बदली माणूस समोर येऊन उभा राहीपर्यंत साचा सोडायचा नाही. म्हणून मी स्टुलाशी पोचेपर्यंत परबकाका पाणी प्यायलासुद्धा उठायचे नाहीत. गोळ्या वेळेवर, अंग पुसणं वेळेवर, आणि भांडणं चोवीस तास! शेजारणी पेज, सोलकढी घेऊन यायच्या आणि मामाच्या थट्टा ऐकत तासभर बसून जायच्या. त्या महिन्याइतकी मी गेल्या कित्येक वर्षांत हसले नव्हते. किती वर्षांनी त्याच्या हाताखाली माणसं होती! एकदाच परत इस्पितळात न्यावं लागलं, दोन दिवस. तिथूनही पाळ्या लावूनच आला.

दिवसकार्य झालं. मध्ये कितीतरी आठवडे गेले. परवा खाट कुणाला द्यायची ते ठरवायला गाळ्यात गेले. दिवेलागणीची वेळ. खाट रिकामी, चादर घडी घातलेली, आणि स्टुलावर परबकाका.

"काका, इथे काय करताय?"

"दुसरी पाळी."

"अहो, मामा गेला ना…"

"माहीत आसा गो. माझ्याच पाळयेत गेलो." चादरीवरून हात फिरवत ते म्हणाले, "मगे सगळे धावत इले, रडारड झाली. पण माका सोडवूक कोण इलोच नाय."

मी पर्स खुंटीला अडकवली आणि रोजच्यासारखी स्टुलासमोर जाऊन उभी राहिले. परबकाकांनी मान वर करून पाहिलं, गुडघ्यावर हात टेकत उठले आणि कोपऱ्यातल्या माठातून तांब्याभर पाणी घेऊन घटाघटा प्यायले.

मी स्टुलावर बसले. खाट अजून कुणाला दिलेली नाही.