मागच्या उजव्या सीटवरचा खड्डा

आधीच कबूल करतो, मी थापा मारतो. माझे कान इतके तिखट आहेत की जोगेश्वरीत कुणाच्या कुकरची शिट्टी झाली तर मी मरोळमध्ये बसून आत डाळ आहे की भात ते सांगतो... असं मी सगळ्यांना सांगत असतो. पण भूत, करणी, अमावस्या वगैरे मी आयुष्यात मानलेलं नाही. माझा धंदा मोजण्याचा. जे मायक्रोफोनला लागत नाही ते नाही, विषय संपला!

घोळ असा झाला, की हे मायक्रोफोनलाच लागलं.

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तळमजल्यावर आमचा गाळा आहे. काम एकच – महागड्या गाड्यांचं साउंड ट्यून करायचं. म्हणजे ज्या गाड्यांच्या नुसत्या आरशाच्या किमतीत आपली स्कूटर येईल, त्या. एका गाडीत एकोणीस स्पीकर. जवळच्या स्पीकरला किंचित थोपवायचं, लांबच्याला आधी सोडायचं, म्हणजे सगळे आवाज एकदम कानात पोचतात. मागे विमानतळ असल्यामुळे आम्ही दोन विमानांच्या मधल्या शांततेत मोजतो. मी आणि वायरिंगवाली प्रज्ञा. तिच्या मते मी बोलतो त्यातलं दहा टक्के खरं असतं, तेही पगाराच्या दिवशी.

तर मुलुंडच्या एक डॉक्टर मॅडम वडिलांना घेऊन सकाळीच आल्या. अण्णा, वय ऐंशीच्या पुढे. उभा जन्म गिरणीत मागांच्या खडखडाटात गेला. डावा कान ठार बंद, उजव्यात जराशी फट शिल्लक.

"कानातलं मशीन भिरकावून देतात," मॅडम म्हणाल्या. "घरात दिवस-दिवस बोलत नाहीत. पण गाडीत गाणं लागलं की दरवाजावर तळवा ठेवून बसतात. थरथर लागते ना हाताला... म्हणून म्हटलं, त्या एका कानासाठी काही करता येईल का? संध्याकाळी कोकणात निघतोय. त्यांच्या भजनी मंडळाची जुनी कॅसेट आहे, ती वाटेत त्यांना ऐकवायचीय. एकदा तरी."

मी छातीवर हात मारला. "मॅडम, चारला गाडी घ्या. अण्णांना टाचणी पडलेली ऐकवतो!"

अण्णांची जागा मागे डावीकडे. म्हणजे चांगला कान गाडीच्या आतल्या बाजूला. मी म्हटलं, उजवीकडे बसवा, तिथल्या दरवाजातला स्पीकर थेट कानाशी येईल, अर्ध्या तासाचं काम. अण्णांनी उजव्या सीटकडे दाखवणारा माझा हात बघितला आणि नाही म्हणून मान हलवली.

"थंय नको. मी हंयच."

ठीक आहे. त्यांना चहा देऊन बाहेर बसवलं, मागच्या तिन्ही जागांवर कानाच्या उंचीला माइक लावले आणि रिकाम्या गाडीत खळखळाट सोडला – नळाखाली बादली भरते तसा आवाज असतो. लॅपटॉपवर आवाजाची रेघ आली. उजव्या बाजूच्या बारीक, म्हणजे किणकिणत्या आवाजांत हा मोठा खड्डा!

आता हे समजून घ्या. माणसाचं अंग बारीक आवाज खातं, म्हणजे शोषून घेतं. शेजारी कोणी बसलं की त्या बाजूची रेघ खाली जाते, अगदी ठरावीक आकारात. हा आकार मी हजार वेळा... बरं, शंभर वेळा पाहिलाय. रेघ सांगत होती, उजव्या सीटवर माणूस बसलाय.

"प्रज्ञा, गाडीतनं उतर."

"मी इथे आहे रे, बोर्डापाशी!"

माइक बदलला. तेच. डाव्या-उजव्या दरवाजाचे स्पीकर अदलाबदल केले. तेच. सीटचं कव्हर काढलं, फोम दाबून पाहिला, सीटखालून एक पेन आणि श्रीखंडाच्या गोळीचा कागद निघाला. खड्डा जागच्या जागी. दोन वाजून गेले.

"सोड ना यार. बाकीचं नीट वाजतंय," प्रज्ञा म्हणाली.

"त्या माणसाचा एकच कान आहे, आणि नेमका त्याच बाजूचा आवाज खाल्ला जातोय. भूत असो की त्याची आत्या, चारला गाडी द्यायची म्हणजे द्यायची. तू बस त्या सीटवर."

"वेडा आहेस का?"

"मोजायचंय. बस."

ती शिव्या देत बसली. विमान जाऊ दिलं, पुन्हा खळखळाट सोडला. उजवीकडे खड्डा होता, तो प्रज्ञाचा. आणि आता मधल्या सीटवरही तसाच दुसरा खड्डा! मघाशी मधे काही नव्हतं. तिला उतरवलं – मधला गेला, उजवा होता तिथेच. पुन्हा बसवलं – मधला आला. तीनदा केलं.

"काय आलं?" तिने विचारलं.

"सरकलं," मी म्हटलं. "तुला जागा दिली."

ती ज्या वेगाने बाहेर आली तो वेग मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही.

घाबरलो का? तंतरली होती! पण मग डोकं चाललं. आत्तापर्यंत मी खड्डा घालवायला बघत होतो, तिथेच चुकत होतो. शेजारी खरा माणूस बसणार असेल तर मी काय केलं असतं? त्याला धरूनच ट्यून केलं असतं! मग तसंच केलं. उजव्या दरवाजाचा आवाज कमी केला, छतातल्या स्पीकरचा वाढवला, म्हणजे शेजारच्याच्या डोक्यावरून आवाज थेट अण्णांच्या कानात उतरेल. सेटिंगला नाव दिलं, 'मागे दोघं'.

चारला पाच कमी. अण्णा आपल्या जागी बसले. कॅसेटवरून उतरवून घेतलेलं भजन लावलं. त्यांनी सवयीने तळवा दरवाजावर ठेवला. मॅडम पुढच्या सीटवरून मागे वळून बघत होत्या. एक कडवं गेलं, काही नाही. मग अण्णांनी हात दरवाजावरून उचलला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"टाळवालो मागे पडता," ते वैतागून म्हणाले.

टाळ! सगळ्यात बारीक आवाज, गिरणीने सगळ्यात आधी नेलेला. मॅडमनी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली, रडत होत्या की हसत होत्या ते कळेना. प्रज्ञाने लांबूनच शिट्टी मारली.

निघायच्या आधी माझ्याने राहवेना. जॉब कार्डाच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं – अण्णा, तुमच्या शेजारी कोण बसतं? – आणि त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी सावकाश वाचलं. बाजूच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"मी कधी इचारूक नाय. तू कित्याक इचारतंस?"

गाडी गेली. सगळ्या रेघा माझ्याकडे सेव्ह आहेत. आवाजाच्या शास्त्रात शिकलेल्या एका मित्राला दाखवल्या, तर म्हणाला, फोममध्ये ओल असेल. असेल बुवा. पण ओल सरकून दुसऱ्याला जागा करून देते का?

'मागे दोघं' मी अजून पुसलेलं नाही.